डॉ. मारिया माँटेसरी आणि हट्टी मूल



सकाळचे साडेसात वाजले आहेत. अब्बांना कामावर जायचे आहे, थोरलीची शाळा आहे आणि तीन वर्षांच्या धाकट्याच्या सदऱ्याची बटणे लावायची राहिली आहेत. तो आपल्या हाताने बटण लावू पाहतो. बोटे घसरतात, बटण काजात शिरत नाही. अम्मी घाईने त्याचे हात बाजूला सारते आणि अर्ध्या मिनिटात पाचही बटणे लावून मोकळी होते. पुढे काय होते ते आपणा सर्वांस ठाऊक आहे. मूल जमिनीवर अंग टाकते, पाय झाडते, लावलेले बटण ओढून तोडते आणि भोकाड पसरते. दादी म्हणतात की लाडाने बिघडला. अब्बा हात उगारतात. शेजारीण सुचवते की बिस्किटाचा पुडा पुढे करा म्हणजे गप्प बसेल. या साऱ्या गडबडीत एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. या मुलाला नेमके हवे होते तरी काय?

हा प्रश्न जिने उभा जन्म विचारला त्या बाईंचे चरित्र आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे. त्यांचे नाव आपण रोज वाचता. गावोगावी, गल्लोगल्ली बालवर्गांच्या पाट्यांवर ते रंगवलेले असते. अनेक ठिकाणी त्या पाटीच्या आत बाईंच्या विचारांचा मागमूसही नसतो. चार वर्षांची मुले हाताची घडी घालून बाकावर बसलेली असतात. ते असो. पाटीवरचे नाव आणि त्यामागची व्यक्ती यांत किती अंतर आहे, हे चरित्र वाचल्यावर आपणच ठरवावे.

मारिया माँटेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील अँकोना शहराजवळच्या किआराव्हाल्ले या लहान गावी झाला. वडील सरकारी नोकर, शिस्तीचे आणि जुन्या वळणाचे. आई रेनिल्दे वाचनाची आवड असलेली, मनाने खंबीर बाई होती. या आईची एक गोष्ट सांगतात. महिनाभराच्या प्रवासाहून कुटुंब घरी परतले तेव्हा लहानग्या मारियाने भुकेचा धोशा लावला. थोडे थांब म्हटले तरी ऐकेना. तेव्हा आईने कपाटात महिन्यापूर्वी राहून गेलेला पावाचा वाळका तुकडा काढला आणि थांबवत नसेल तर हा खा म्हणून हातात दिला. आई कठोर नव्हती, पण हट्टापुढे वाकणारीही नव्हती. मुलीने पुढे जगाला जे सांगितले त्यात मायेबरोबर हा ताठ कणाही आहे, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

मारिया पाच वर्षांची असताना कुटुंब रोमला आले. मुलींनी फार तर शिक्षिका व्हावे असा तो काळ. हिने मुलांच्या तांत्रिक शाळेत नाव घातले, गणितात चमकली, इंजिनियर होण्याचे मनात आणले आणि शेवटी डॉक्टर व्हायचे ठरवले. वडिलांचा विरोध होता. तरीही मुलीने एकटीने रस्त्याने जाणे बरे दिसत नाही म्हणून तेच तिला व्याख्यानांना पोहोचवीत. शवविच्छेदनाच्या वर्गात पुरुषांबरोबर बसण्याची मुलीला मुभा नव्हती. सारे निघून गेल्यावर ती त्या खोलीत एकटी काम करी. एकदा धीर सुटला आणि शिक्षण सोडण्याच्या विचारात ती बागेतून चालली होती, असे सांगितले जाते. वाटेत एक भिकारीण बसली होती आणि तिचे दोनेक वर्षांचे मूल रंगीत कागदाच्या एका तुकड्याशी खेळत होते. भूक, थंडी, आईची आर्जवे, कशाचेही त्याला भान नव्हते. मारिया तेथूनच परत फिरली. १८९६ मध्ये तिने वैद्यकीय पदवी मिळवली. इटलीतील अगदी सुरुवातीच्या स्त्री-डॉक्टरांपैकी ती एक होय.

पदवीनंतर बाई रोमच्या मनोरुग्ण चिकित्सालयात काम करू लागल्या. त्या काळी मंदबुद्धी ठरवलेली मुले वेड्यांच्या इस्पितळात ठेवीत. एका रिकाम्या खोलीत अशी मुले कोंडलेली होती. जेवण झाल्यावर ती जमिनीवर पडलेले पावाचे कण चिवडीत बसत. सांभाळणाऱ्या बाईला त्यात हावरटपणा दिसे. माँटेसरींना वेगळेच दिसले. त्या खोलीत हाताळायला दुसरे काहीच नव्हते, आणि मुलांच्या हातांना काम हवे होते. इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच वैद्यांचे जुने ग्रंथ त्यांनी शोधून काढले, त्यांवरून साधने करवून घेतली आणि या मुलांना शिकवावयास आरंभ केला. त्यांतील काही मुले सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेत उतरली. लोकांनी कौतुक केले. बाईंच्या मनात मात्र उलटाच विचार आला. मंद म्हटलेली मुले जर एवढे करतात, तर धडधाकट मुलांना आपल्या शाळांनी कोठे रोखून धरले आहे?

आता जे सांगावयाचे आहे ते वगळावे की काय, असा विचार लिहिताना मनात आला. परंतु ते वगळले तर हे चरित्र समजतच नाही. १८९८ मध्ये माँटेसरींना एक मुलगा झाला, त्याचे नाव मारिओ. त्याचे वडील डॉ. मोंतेसानो हे त्यांचे सहकारी होते. दोघांचा विवाह झाला नाही आणि पुढे मोंतेसानोंनी दुसरीकडे लग्न केले. अविवाहित आईला त्या समाजात उभे राहायला जागा नव्हती. मूल रोमबाहेर खेड्यात एका कुटुंबाकडे वाढावयास ठेवण्यात आले. बाई अधूनमधून त्याला भेटावयास जात, पण आई म्हणून नव्हे. गाडीतून उतरणारी एक ओळखीची बाई, एवढेच त्या मुलाला दिसे. बरोबर-चूक ठरवण्याची ही जागा नव्हे. परंतु पुढे ज्या बाई जगभरच्या आयांना मूल कसे समजून घ्यावे हे सांगत फिरल्या, त्यांना स्वतःच्या मुलाचा पहिला हट्ट, पहिला रुसवा, पहिली आदळआपट पाहावयास मिळाली नाही, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

रोमच्या सान लोरेन्झो भागात त्या वेळी गरिबांची दाट वस्ती होती. एका बांधकाम संस्थेने तेथील मोडक्या इमारती दुरुस्त करून कामकरी कुटुंबांना भाड्याने दिल्या. आईबाप दिवसभर कामावर. थोरली मुले शाळेत. मागे उरलेली तीन ते सहा वर्षांची मुले जिन्यांवर धावत, नवीन रंगवलेल्या भिंती खरडीत, दिसेल ते मोडीत. भिंती वाचवण्यासाठी या मुलांना एका खोलीत सांभाळावे असे संस्थेने ठरवले आणि माँटेसरींना विचारले. म्हणजे ज्या शाळेने पुढे बालशिक्षणाचे रूप बदलले ती मुळात नासधूस थांबवण्यासाठी निघाली होती! ६ जानेवारी १९०७ रोजी पन्नासेक मुलांचे हे बालगृह सुरू झाले. काही मुले रडत होती, काही भेदरलेली होती, काही कोणाचे ऐकेनात. शिकवावयास प्रशिक्षित शिक्षिका नव्हती. वस्तीतलीच एक मुलगी कामावर घेतली. आपल्या चाळींशी आणि मोहल्ल्यांशी हे चित्र पुष्कळसे जुळते. म्हणून बाईंचे विचार श्रीमंतांच्या मुलांसाठीच आहेत असे कोणी म्हणाले, तर त्यास सान लोरेन्झोची आठवण द्यावी.

बाईंनी तेथे प्रथम शिकवले नाही, पाहिले. एक तीन वर्षांची मुलगी लाकडी ठोकळ्याच्या खाचांत निरनिराळ्या जाडीचे गट्टू बसवीत होती. बसवले की काढी, काढले की पुन्हा बसवी. बाईंनी इतर मुलांना भोवती गाणी म्हणावयास लावले, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले. मुलीने गट्टू मांडीवर घेतले आणि काम चालूच ठेवले. चाळीसहून अधिक वेळा केल्यावर ती आपण होऊन थांबली आणि झोपेतून ताजीतवानी उठावी तशी भोवती पाहू लागली. दुसरा प्रसंग कपाटाचा. साधने उंच कपाटात कुलपात असत आणि शिक्षिका ती वाटून देई. एके दिवशी कुलूप लावायचे राहिले. मुलांनी आपल्याला हवे ते साधन स्वतःच काढले आणि कामाला लागली. शिक्षिकेला ती चोरी वाटली. बाईंनी मात्र उंच कपाटच काढून टाकले आणि मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी, उघडी कपाटे करवून घेतली.

पालकहो, ही बुटकी कपाटे फार मोलाची आहेत. आपल्या घरातील निम्मी भांडणे मुलाचा हात पोहोचत नाही यावरून होतात. पाण्याचा पेला उंचावर, चपला दाराच्या वरच्या फळीवर, टॉवेल मोठ्यांच्या खुंटीवर. मूल दिवसभर मागत राहते, आपण दिवसभर थांब म्हणत राहतो आणि संध्याकाळी त्याला हट्टी म्हणतो. दोन हात उंचीवर एक खिळा ठोकावयास किती खर्च येतो?

खोडकर, दुसऱ्यांना त्रास देणाऱ्या मुलांचे बाईंनी काय केले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांच्या शाळेत मुलांना वाटेल ते करू देतात असा समज आहे. तो साफ चुकीचा आहे. दुसऱ्याला इजा होईल, त्याच्या कामात अडथळा येईल असे काहीही तेथे तत्काळ थांबवले जाई. जे मूल वारंवार असे करी त्याची प्रथम वैद्यकीय तपासणी होई, कारण बाई डॉक्टर होत्या आणि चिडचिडेपणाचे मूळ पुष्कळदा शरीरात असते हे त्या जाणत. मूल निरोगी ठरले तर खोलीच्या कोपऱ्यात एक लहान टेबल आणि आरामाची खुर्ची मांडीत आणि त्याला तेथे बसवीत. तोंड भिंतीकडे नव्हे, इतर मुलांकडे. त्याला आवडेल ते खेळणे हाताशी देत. इतरांचे काम त्याला तेथून दिसत राही. आणि बाई शाळेत आल्या की आधी त्या मुलाकडे जात, जणू ते आजारी आहे, त्याला जास्त मायेची गरज आहे. ओरडा नाही, टोमणा नाही, आणि पुन्हा दंगा करण्याची मोकळीकही नाही. थोड्या वेळाने मूल आपण होऊन शांत होई आणि इतरांत जाऊ पाही.

शिक्षेविषयी त्यांचे मन कसे बदलले याचा एक प्रसंग त्यांनीच लिहून ठेवला आहे. शिक्षिकेने एका मुलाला बक्षीस म्हणून गळ्यात पदक घातले होते आणि दुसऱ्याला शिक्षा म्हणून खोलीच्या मध्यभागी खुर्चीवर बसवले होते. पदकवाला आपल्या कामात इतका गर्क की येता जाता पदक खाली पडले. शिक्षा झालेल्याने ते उचलून दिले, तर पहिल्याने बेफिकिरीने ते त्यालाच घालू दिले. आता शिक्षा झालेले मूल पदक मिरवीत समाधानाने खुर्चीवर बसले होते! ज्याला काम होते त्याला बक्षीस नको होते आणि ज्याला काम नव्हते त्याला शिक्षेचे दुःख नव्हते. बिस्किटाचा पुडा आणि उगारलेला हात ही दोन्ही हत्यारे अशी एकदमच बोथट ठरली.

आणखी एक धडा त्यांनी मुलांना नाक शिंकरण्याचा दिला. रुमाल कसा धरावा, आवाज न करता नाक कसे पुसावे, एवढेच शांतपणे करून दाखवले. संपल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाई चकित झाल्या. मग त्यांच्या लक्षात आले की नाकावरून या मुलांना रोज बोलणी बसतात, चारचौघांत लाज काढली जाते. पण कसे करावयाचे हे आजवर कोणी सांगितलेच नव्हते. विद्यार्थी मित्रहो, आणि विशेषतः मुलींनो, घरातील धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम पुष्कळदा तुमच्यावरच पडते. ते तुमच्यावर चिडते, चावते, ओरबाडते. त्याला असे करू नको हे आपण शंभरदा सांगतो. त्याऐवजी काय करावे हे एकदा तरी हळूहळू करून दाखवले आहे काय?

बाईंच्या निरीक्षणांत संतापाविषयीची सर्वांत मोलाची गोष्ट मात्र शाळेबाहेर घडली. नेपल्सजवळ एका जुन्या बोगद्यातून काही मंडळी पायी चालली होती. बरोबर एक तरुण आई आणि तिचे दीडेक वर्षांचे मूल होते. मूल थकले म्हणून आईने त्याला कडेवर घेतले. चालून तिला उकडू लागले, तेव्हा कोट काढून तिने तो हातावर टाकला आणि मुलाला पुन्हा उचलले. मुलाने एकाएकी रडणे सुरू केले आणि ते वाढतच गेले. आईने समजावले, इतरांनी हातोहात घेतले, कोणी दटावले. मूल अधिकच बिथरले. माँटेसरी मुलाचे वागणे पाहात होत्या. त्यांनी आईला विचारले की कोट पुन्हा अंगात घालता का? उकडत असूनही बिचारीने गोंधळून कोट चढवला. रडणे तत्क्षणी थांबले. कोट खांद्यावर असावयाचा, हातावर नव्हे. मुलाच्या इवल्याशा जगातील एक गोष्ट जागेवरून हलली होती आणि ते सांगायला त्याच्यापाशी शब्द नव्हते.

तसेच एक सहा महिन्यांचे बाळ. पाहुणीने आपली छत्री टेबलावर ठेवली आणि बाळ अस्वस्थ होऊन रडू लागले. छत्री हवी असेल म्हणून ती त्याच्यापुढे धरली, तर त्याने ती ढकलून दिली. आईने छत्री उचलून दुसऱ्या खोलीत नेली तेव्हा बाळ शांत झाले. टेबल ही छत्रीची जागा नव्हती!

या निरीक्षणांवरून बाईंनी सांगितले की साधारण जन्मापासून तीनेक वर्षांपर्यंत मुलाला व्यवस्थेची विलक्षण ओढ असते. वस्तू जेथल्या तेथे असाव्यात, रोजच्या गोष्टी रोजच्या क्रमाने व्हाव्यात, अंघोळ घालणारे हात ओळखीचे असावेत. मोठ्यांना ही ओढ क्षुल्लक वाटते. मुलाला ती पायाखालच्या जमिनीसारखी असते. ती हलली की ते भिते, आणि भीती रागाच्या रूपाने बाहेर येते. आपल्या घरांतून पाहुणे येतात, सणासुदीला झोपायच्या जागा बदलतात, नवे भावंड जन्माला येते, नानीकडून परत यावे लागते. नेमक्या अशाच दिवसांत धाकटे अनावर का होते, याचे उत्तर येथे सापडेल.

सर्वच हट्टांचे मूळ यात आहे असे मात्र मला वाटत नाही. बाईंची लेखणी कधी कधी उत्साहाने फार पुढे जाते. योग्य काम मिळाले की मुलाचे सगळे दोष गळून पडतात असे त्या लिहितात, आणि तसे प्रत्येक घरी घडत नाही. भुकेले, झोपेला आलेले किंवा ताप भरू लागलेले मूल कोट कोठे आहे ते पाहात नाही. शिवाय स्वतःला आवरण्याची शक्ती या वयात मेंदूत अजून तयार होत असते, हे आजचे शास्त्र सांगते. तिला वाढावयास वर्षे लागतात. मूल तारस्वरात रडत असताना केलेला उपदेश म्हणून वायाच जातो. त्या वेळी जवळ बसावे, त्याला वा दुसऱ्याला लागणार नाही एवढे पाहावे आणि लाट ओसरू द्यावी. जे नाकारले ते रडण्याला भिऊन देऊ नये, कारण मग उद्याचे रडणे आपणच शिकवून ठेवतो. वाळका पाव पुढे करणारी रेनिल्देबाई येथे आठवावी.

आज्ञाधारकपणाविषयीही बाईंचे सांगणे ऐकण्यासारखे आहे. त्यांनी त्याच्या तीन पायऱ्या मानल्या. पहिल्या पायरीवर मूल एकदा ऐकते आणि दुसऱ्यांदा ऐकत नाही. काल खेळणी उचलून ठेवली, आज हात लावीत नाही. आपण म्हणतो की काल जमत होते, आज मुद्दाम करतो. परंतु हुकूम पाळण्यासाठी ते काम अंगात मुरलेले असावे लागते आणि मनातील ओढ बाजूला सारण्याची शक्ती असावी लागते. ती आज असते, उद्या नसते. चालावयास शिकणारे मूल दहा पावले टाकून पडते तेव्हा आपण त्यास मुद्दाम पडला म्हणत नाही. दुसऱ्या पायरीवर मूल नेहमी ऐकू शकते. तिसरीवर त्याला ऐकण्यात आनंद वाटू लागतो. मारून पहिली पायरी ओलांडता येत नाही. फार तर मूल भितीने गप्प बसते आणि पाठ वळली की तेच करते.

पुढील कीर्तीचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९०९ मध्ये त्यांचा पहिला मोठा ग्रंथ निघाला आणि थोड्याच वर्षांत अनेक भाषांत गेला. देशोदेशींचे शिक्षक रोमला येऊ लागले. १९२४ पासून मुसोलिनीच्या राजवटीने त्यांच्या शाळांना आश्रय दिला आणि बाईंनी तो घेतला. हा त्यांच्या आयुष्यातील डाग म्हणावा लागेल. मुलाने स्वतः विचार करावा म्हणणारी बाई आणि सर्वांनी एकाच सुरात बोलावे म्हणणारी राजवट यांचे जमणे शक्यच नव्हते. १९३४ पर्यंत संबंध तुटला आणि इटलीतील त्यांच्या शाळा बंद झाल्या. १९३६ मध्ये स्पेनमधील यादवीमुळे बार्सिलोनाचे बिऱ्हाडही मोडले. साठी उलटलेल्या बाई हॉलंडला आश्रयाला गेल्या.

आपल्या देशाला त्यांचे नाव त्यापूर्वीच परिचित होते. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० मध्ये बालमंदिर काढले. तेथे ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या द्वारे ताराबाईंनी हे विचार मराठी मुलखात आणले, आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी परदेशी साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने आणि खडे वापरून दाखवले. १९३१ मध्ये गांधीजी आणि माँटेसरी यांची लंडनला भेट झाली होती. १९३९ च्या नोव्हेंबरात थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून एकोणसत्तर वर्षांच्या माँटेसरी मद्रासला उतरल्या. तीनशेच्या आसपास शिक्षक अड्यारच्या झाडांखाली त्यांची व्याख्याने ऐकावयास जमले. बाई इटालियन भाषेत बोलत आणि शेजारी उभा असलेला एक उंचापुरा गृहस्थ त्याचे इंग्रजी करून सांगे. तो मारिओ होता.

त्याची कथा मध्येच राहिली होती. १९१२ च्या अखेरीस बाईंची आई वारली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १९१३ मध्ये, पंधरा वर्षांच्या त्या मुलाने भेटावयास आलेल्या बाईंना सांगितले की आपण आपली आई आहात हे मला ठाऊक आहे, आणि तो त्यांच्याबरोबर निघाला. तेव्हापासून तो त्यांची सावली होता. परंतु लोकांपुढे त्याची ओळख भाचा किंवा मानलेला मुलगा अशीच करून दिली जाई. या माणसाने आईला कधी दोष दिल्याचे ऐकिवात नाही. उरलेले सारे आयुष्य त्याने तिच्याच कामाला वाहिले.

१९४० च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या लेखी ही दोघे शत्रूदेशाची माणसे ठरली. बाईंचे वय पाहून त्यांना अड्यारच्या आवारातच राहण्याचे बंधन घातले; मारिओला मात्र अटक करून आपल्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीत ठेवले. सत्तरीला आलेली आई मद्रासकडे आणि मुलगा नगरला तारेच्या कुंपणाआड! त्याच्यावाचून त्यांना वर्गात बोलताही येईना, कारण इंग्रजीवर त्यांची हुकमत नव्हती. ३१ ऑगस्ट रोजी त्यांना सत्तरावे वर्ष पूर्ण झाले. त्या दिवशी व्हाइसरॉयकडून तार आली. सत्तराव्या वाढदिवसाची भेट म्हणून आपला मुलगा आपणांस परत देत आहोत, अशा आशयाची ती तार होती. मारिओ सुटून आला. जी गोष्ट बाईंनी बेचाळीस वर्षे चारचौघांत उच्चारली नव्हती ती एका परक्या सरकारच्या कागदावर पहिल्यांदा उघड लिहिली गेली.

पुढील वर्षे आईमुलाने येथेच काढली. कोडाईकनालच्या डोंगरात त्यांनी मुलांसाठी शाळा चालवली, अहमदाबादला वर्ग घेतले. अहमदाबादच्या त्या व्याख्यानांवरूनच त्यांचा मोठा ग्रंथ तयार झाला आणि १९४९ मध्ये अड्यारहून प्रसिद्ध झाला. वर सांगितलेल्या आज्ञाधारकपणाच्या तीन पायऱ्या त्यातच आहेत.  १९४९ मध्ये बाईंनी हा प्रदेश सोडला.

६ मे १९५२ रोजी हॉलंडच्या समुद्रकाठी नोर्डविक गावी त्या वारल्या तेव्हा मारिओ जवळच होता. त्यांचे दफनही त्याच गावी झाले. आपले सर्व काही त्यांनी मारिओच्या नावे करून ठेवले होते, आणि मृत्युपत्रात त्याचा उल्लेख भाचा किंवा मानलेला मुलगा असा नव्हता. तेथे पुत्र असे लिहिले होते.